अनुक्रमणिकेचं पान कुणी लिहिलं?

उंबरठा (धागाकर्ता)

बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवली होती. घरी परतल्यावर मेहुण्याने विषय काढला. मी कॅथलिक, तो प्रोटेस्टंट आहे आणि त्याचं बायबलचं वाचन माझ्या दसपट आहे. टोमणे मारायचा त्याचा स्वभाव नाही, बाबांवर जीवही होता त्याचा. पण राहवेना. "दाजी, राग मानू नका. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची, हे बायबलात कुठे आहे तेवढं दाखवा."

मी उठून बायबल आणलं, मक्काबींचं दुसरं पुस्तक काढलं आणि बाराव्या अध्यायावर बोट ठेवलं. त्याने आपलं बायबल चाळलं, पुढून मागे, मागून पुढे. मक्काबी नाहीच. मग आम्ही दोघांनीही अनुक्रमणिका उघडली. एकाच टेबलावर दोन बायबलं शेजारी शेजारी. नवा करार जुळला, त्याचीही २७ पुस्तकं, माझीही २७. जुन्या करारात गाडी अडली. टोबित, युदिथ, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन, अशी सात पुस्तकं त्याच्याकडे नव्हती. एस्तेर आणि दानिएलमधले काही भागही नव्हते. त्याची बेरीज ६६, माझी ७३.

"तुमच्या लोकांनी घुसडलीत," तो म्हणाला.
"तुमच्यांनी काढलीत," मी म्हणालो.

बायको मध्ये पडली म्हणून तिथे थांबलो. मी मात्र तेव्हापासून त्या एका पानापाशी अडकून बसलोय. आम्हा कॅथलिकांना प्रत्येक गोष्टीवर विचारलं जातं, "बायबलात कुठे आहे?" मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ते शुद्धिस्थान कुठे आहे, पोप कुठे आहे, धर्मगुरूपुढे पापनिवेदन कुठे आहे. ठीक. मग माझाही एक प्रश्न. बायबलात कुठली पुस्तकं आहेत, हे बायबलात कुठे आहे? ६६ पुस्तकं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, ६६ पुस्तकांची यादी कुठेही सापडणार नाही. ती फक्त अनुक्रमणिकेच्या पानावर आहे, आणि ते पान ना मोशेने लिहिलंय ना पौलाने.

आज आपल्या नव्या करारात आहेत नेमकी तीच २७ पुस्तकं देणारी सगळ्यात जुनी उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पुनरुत्थान-सणाच्या पत्रात आहे. म्हणजे येशूनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. त्याआधी काय होतं? प्रकटीकरण घ्यायचं की नाही यावर वाद होते. इब्री लोकांस पत्र पश्चिमेकडे बराच काळ संशयात होतं. 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचं पुस्तक लोक भक्तिभावाने वाचत होते. चौथ्या शतकातलं ते प्रसिद्ध 'कोडेक्स सिनायटिकस' हस्तलिखित घ्या. त्यात प्रकटीकरणानंतर बर्नबाचं पत्र आणि हर्मास हेही बांधलेले आहेत. ते हातात घेतलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागणार होतं की बाबा रे, हे शास्त्र आणि हे नुसतं चांगलं वाचन. ते सांगितलं ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने. ३९३ ला हिप्पोच्या आणि ३९७ ला कार्थेजच्या धर्मसभेत जी यादी झाली तिच्यात नव्या कराराची २७ आहेत, आणि टोबित, युदिथ, मक्काबीही आहेत.

आता १५१९. लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक धर्मपंडित योहान एकने शुद्धिस्थानासाठी प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरपुढे मक्काबीचा हाच बारावा अध्याय ठेवला. ल्यूथर म्हणाला, हे पुस्तक प्रमाणग्रंथांत बसत नाही. माझ्या मेहुण्याचं म्हणणंही तेच, फक्त पाचशे वर्षं आधी! पुढे १५२२ च्या जर्मन नव्या करारात ल्यूथरने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं अनुक्रमणिकेच्या तळाशी टाकली, बाकीच्या २३ ना क्रमांक आणि या चौघांना क्रमांकच नाही. याकोबाच्या पत्राला तो गवताचं पत्र म्हणाला; ते वाक्य पुढे गाळलं गेलं. ती चार पुस्तकं आज प्रत्येक प्रोटेस्टंट बायबलात आहेत. का आहेत? ल्यूथरच्या चिकित्सेपेक्षा जुन्या परंपरेचं वजन जास्त पडलं म्हणून.

इतकंच म्हणायचंय. परंपरा नको म्हणणाऱ्याच्या हातातल्या पुस्तकाचं पहिलं पान परंपरेने लिहिलेलं आहे. बोला.

शंकासूर

छान लिहिलंय, पण एक गफलत आहे. ख्रिस्तसभेने शास्त्र "ठरवलं" नाही, "ओळखलं". सराफ कसोटीवर घासून सोनं ओळखतो. म्हणून सोनं सराफाने बनवलं असं होत नाही, आणि पुढे सराफ म्हणेल ते सगळंच सोनं असंही होत नाही.

आणि तुमची यादी दाखवता तेवढी एकमुखी नव्हती. ज्या अथनेशियसचा दाखला दिलात, त्याच पत्रात तो जुन्या कराराची २२ पुस्तकं मोजतो आणि टोबित, युदिथ, बेन सिरा बाहेर ठेवतो, वाचनासाठी चांगली म्हणून. ज्याने लॅटिन बायबल दिलं तो जेरोम साफ सांगतो की हिब्रूत नाहीत ती पुस्तकं प्रमाण नाहीत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे १५१८ मध्ये ऑग्सबर्गला ल्यूथरची झाडाझडती घेणारा कार्डिनल कॅजेटन! पोपचा माणूस. त्याचंही या पुस्तकांबद्दलचं मत जेरोमसारखंच होतं. तुमची यादी शिक्कामोर्तब होऊन बंधनकारक झाली ट्रेंटच्या धर्मसभेत, ८ एप्रिल १५४६ ला. ल्यूथर गेला त्याच वर्षी फेब्रुवारीत. "काढली" म्हणताना हे सांगायला हवं होतं.

शिवाय मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय ७. माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारता, हे येशूने कुणाला सुनावलं?

मधलीसुट्टी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. शंकासूर, सराफाचा दाखला आवडला.

उंबरठा

शंकासूर, सराफ मला शंभर टक्के मान्य. आमचीही शिकवण तीच आहे. १८७० च्या व्हॅटिकन धर्मसभेने स्पष्ट म्हटलंय की ही पुस्तकं ख्रिस्तसभेने मंजूर केली म्हणून पवित्र नाहीत, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिली गेली म्हणून पवित्र आहेत. पण मग त्या सराफाचं काय? २७ नग त्याच्या कसोटीवर विश्वास ठेवून तुम्ही न घासता गळ्यात घातलेत. त्याच दुकानातल्या, त्याच यादीतल्या सात नगांवर मात्र म्हणता, याला सोन्यातलं कळत नाही. एकतर सराफावर भरवसा ठेवा, नाहीतर सगळे ३४ स्वतः घासा. ल्यूथरने निदान घासून पाहिले, तेवढा तो प्रामाणिक होता.

जेरोमचं खरं आहे, झाकत नाही. तरी बिशपांनी मागितलं म्हणून त्याने टोबितचं भाषांतर केलंच, तेही एका दिवसात, असं तोच प्रस्तावनेत सांगतो. त्याच्याच काळात हिप्पोचा बिशप ऑगस्टीन दुसऱ्या बाजूला होता आणि ख्रिस्तसभा ऑगस्टीनच्या बाजूने गेली. एका विद्वानाचं मत आणि सभेचा निर्णय यांत फरक असतो, तो विद्वान संत असला तरी. कॅजेटनचंही तेच. ट्रेंटची यादी नवी मात्र नव्हती, १४४२ ला फ्लॉरेन्सच्या धर्मसभेत हीच यादी आहे. तेव्हा ल्यूथरचा जन्मही झाला नव्हता.

आणि काढण्याबद्दल. मला वाटायचं ल्यूथरनेच फाडून टाकली. तसं नाही, तिथे मी चुकलो होतो. १५३४ च्या त्याच्या संपूर्ण बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवलेली आहेत, शास्त्राच्या तोडीची नव्हेत पण वाचायला उपयुक्त आणि चांगली, अशी टीप देऊन. इंग्रजीतल्या १६११ च्या किंग जेम्स बायबलातही होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती छापून वाटणं बंद करायचं ठरवलं १८२६ च्या सुमारास. म्हणजे मेहुण्याच्या हातातलं ६६ चं सुटसुटीत पुस्तक जगभर पसरलं ते त्यानंतर.

मार्क ७ पूर्ण वाचा. तिथे 'कुर्बान' म्हणून संपत्ती देवाला वाहिली असं सांगायचं आणि म्हाताऱ्या आईबापांना पोसायचं टाळायचं, या पळवाटेवर येशू बोलतोय. परंपरा या शब्दावर नाही. ग्रीकमध्ये तिथे जो 'पॅराडोसिस' शब्द आहे तोच पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) वापरतो, आणि तिथे तो म्हणतो, तोंडी मिळालेलं असो की पत्रातून, घट्ट धरून राहा. इंग्रजीतल्या एनआयव्ही भाषांतरात गंमत बघा. मार्कमध्ये तो शब्द 'ट्रॅडिशन' होतो आणि पौलाच्या तोंडी 'टीचिंग'. ग्रीक एक, इंग्रजी दोन. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही, पण जाऊ दे.

शंकासूर

तोंडी मिळालेलं घट्ट धरा हे थेस्सलनीकाच्या लोकांना, ज्यांनी पौलाला स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो आवाज पंधराशे वर्षं जसाच्या तसा आला याची हमी कोण देणार? म्हणून तर पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र, ३:१६-१७. प्रत्येक शास्त्रलेख ईश्वरप्रेरित, आणि त्याने देवाचा माणूस पूर्ण सज्ज होतो. पूर्ण सज्ज झाल्यावर आणखी काय हवं?

उंबरठा

त्याच्या आधीचं वचन वाचा, १५ वं. "बालपणापासून तुला पवित्र शास्त्राची माहिती आहे." तीमथ्याच्या बालपणी नवा करार होता कुठे? तेव्हाचं शास्त्र म्हणजे जुना करार. या वचनातून "शास्त्र पुरेसं" असं काढायचं तर "जुना करार पुरेसा" असं निघतं, आणि मग चार शुभवर्तमानंही गुंडाळून ठेवावी लागतील. उपयोगी आहे असं पौल म्हणतोय. एकटं पुरेसं आहे असं नाही.

हमी कोण देणार, हा मात्र खरा प्रश्न. यावर येतो सवडीने.

रानवाट

मी जन्माने कॅथलिक, पंधरा वर्षांपूर्वी सोडलं. तुम्ही दोघे शतकांत बोलताय, माझं साधं होतं. आजीला मरियामातेच्या मूर्तीपुढे गुडघ्यांवर बघितलं की आत काहीतरी टोचायचं. १ तीमथ्य २:५ म्हणतं मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. मग मध्ये मरिया कशाला, संत कशाला? आणि गेलेली माणसं ऐकतात हे कुणी सांगितलं? मला याचं उत्तर धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी मिळालं नाही. "असंच असतं" एवढंच मिळालं.

कागदीहोडी

रानवाट, मी अनेक वर्षं तो वर्ग घेतला. "असंच असतं" म्हणणारी मीही असेन एखाद्या दिवशी. उशीर झालाय, तरी देते उत्तर.

तुम्ही ५ वं वचन दिलंत. त्याच अध्यायाचं पहिलं वचन काढा. पौल सांगतो, सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी करा. चार ओळींत त्याने स्वतःलाच खोडलं का? नाही. ख्रिस्त एकमेव मध्यस्थ आहे म्हणून तर आपल्याला एकमेकांसाठी मागता येतं. तुमच्या प्रार्थनासभेत कुणी म्हणतं ना, "ताई, माझ्या मुलासाठी प्रार्थना करा"? तेव्हा त्या ताई ख्रिस्ताच्या आड येतात असं कुणाला वाटत नाही. मग ताई देवाजवळ गेल्या की आड येतात, हे कसं? प्रकटीकरण ५:८ मध्ये स्वर्गातले वडीलजन धुपाने भरलेल्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पालथे पडतात, आणि त्या वाट्यांत पवित्र जनांच्या प्रार्थना आहेत असं लिहिलंय. वरच्यांपर्यंत आपलं काहीतरी पोचतं तर.

"नमो मरिया" म्हणता ना, तिचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे. आधी देवदूताचं वाक्य, मग अलीशिबेचं. "देवाची माता" हा शब्द ४३१ च्या इफिससच्या धर्मसभेने राखला तोही तिचा मोठेपणा वाढवायला नव्हे, पोटातलं बाळ खरोखर देव आहे हे सांगायला. ल्यूथरलाही तो शब्द मान्य होता, आणि ती अखेरपर्यंत कुमारी राहिली हेही.

भक्तीचे आम्ही दोन शब्द ठेवतो. फक्त देवाची ती लॅट्रिया, म्हणजे आराधना. संतांना तो मान, ड्युलिया. गुडघे दोन्हीकडे टेकतात, खरं आहे. शरीराजवळ खुणा थोड्या असतात. आणि काही लोक अति करतात, हेही खरं. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने मरियेच्या बाबतीत अतिशयोक्तीही नको आणि कोतेपणाही नको असं लिहून ठेवलंय, ते काही उगाच नाही. आजी कुठल्या बाजूला होती ते तुम्हालाच माहीत.

रानवाट

आजी शेवटी नेहमी "आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे" म्हणायची. आत्ता आठवलं. बाकी विचार करते.

तिरपागडा

निधर्मी माणसाचा प्रश्न. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी पत्रकं विकली, त्याचं काय? परंपरेत तीही येतात ना?

उंबरठा

विकली. ती पत्रकं विकत टेट्झेल नावाचा धर्मगुरू फिरत होता आणि रोमचं सेंट पीटर्स बांधण्यासाठी पैसा जमत होता. ल्यूथरने १५१७ मध्ये ९५ मुद्दे काढले त्याला हेच कारण, आणि तिथे त्याचा संताप रास्त होता. ट्रेंटने १५६२ मध्ये ते वसुलीवाले पदच बंद केलं, आणि १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैशाशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. पन्नास वर्षं उशिरा. या उशिराचं समर्थन माझ्याकडे नाही. फक्त परंपरा म्हणजे लोकांनी केलं ते सगळं असं नव्हे. रोगाला आम्ही परंपरा म्हणत नाही.

शंकासूर

म्हणजे आवडेल ती परंपरा, नावडेल तो रोग! आणि हे ठरवणार पोप. पेत्राला पौलाने अंत्युखियात तोंडावर सुनावलं (गलती २:११). पोप होनोरियसला तर तो गेल्यावर ६८०-६८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या धर्मसभेने पाखंडी ठरवलं. पोप चुकत नाही म्हणता, ती अचुकता राहिली कुठे?

उंबरठा

गलतीचं उत्तर सोपं. पेत्र शिकवायला चुकला नाही, वागायला चुकला. परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा उठून दुसरीकडे बसला. पोप पाप करत नाही असं आम्ही कधी म्हणालोच नाही. पापनिवेदनाला तोही जातो.

होनोरियसचं मात्र सोपं नाही. आमच्या बाजूचं उत्तर असं, की अचुकतेची १८७० ची व्याख्या फार अरुंद आहे. संपूर्ण ख्रिस्तसभेला, श्रद्धेच्या किंवा नीतीच्या बाबतीत, अंतिम म्हणून बांधील करत शिकवलं तरच अचूक. होनोरियसने कॉन्स्टंटिनोपलचा धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) सर्जियसला पत्रांतून उत्तर दिलं, व्याख्या केली नाही. हे उत्तर मला पटतं. पण ते वाचताना खुर्चीत थोडी चुळबुळ होते, हे खोटं कशाला बोलू.

माणूस केवळ विश्वासाने तरतो, हा तुमचा "केवळ विश्वास" तुम्ही काढला नाहीत, मीच काढतो. यातला "केवळ" पूर्ण बायबलात विश्वासाला लागून एकदाच येतो, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे आहे "केवळ विश्वासाने नव्हे". रोमकरांस ३:२८ मध्ये ल्यूथरने जर्मनमध्ये तो शब्द घातला, आणि १५३० मध्ये जर्मन भाषेला तो लागतो म्हणून समर्थनही केलं. आमच्यावर आरोप असतो की आम्ही कर्मांनी स्वर्ग कमावतो. ट्रेंटच्या त्या विषयावरच्या पहिल्याच कलमात कृपेशिवाय, स्वतःच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला बहिष्कृत केलंय. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्येच लुथेरन वर्ल्ड फेडरेशन आणि रोम यांनी या मुद्द्यावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळं मिटलं नाही, पण मूळ मुद्द्यांवर एकमत आहे हे दोघांनी मान्य केलं.

आता ती हमी. १५२९ चा ऑक्टोबर, मारबुर्गचा किल्ला. ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली समोरासमोर. दोघांचा पोप नाही, दोघांना केवळ शास्त्र मान्य, दोघांना ग्रीक येतं. ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, "हे माझं शरीर आहे", आणि त्यावरून हलला नाही. झ्विंग्ली म्हणाला, "आहे" म्हणजे "दर्शवतं". पंधरा मुद्द्यांपैकी चौदा जुळले, पंधरावा फुटला. ल्यूथरच्या बाजूने मी म्हणेन की तो बरोबर होता. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला स्मुर्णेकरांना हेच लिहितो. पण झ्विंग्लीला हे सांगायचं कुणी? टेबलावर शास्त्र होतं, शास्त्रातलंच वाक्य होतं, आणि निवाडा करायला कुणीच नव्हतं.

शंकासूर

मारबुर्गचं लागलं, मान्य. पण परंपरा आणि निवाडा यांनी एकी राहते म्हणता, तर पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चं? परंपरा त्यांचीही तेवढीच जुनी, बिशपांची साखळी अखंड, आणि पोपची सत्ता त्यांना अमान्य. त्यांच्या जुन्या करारात तुमच्याहून जास्त आहे, मक्काबींचं तिसरं पुस्तक, १५१ वं स्तोत्र. मग तिथे सराफ कोण?

उंबरठा

हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला बाण. पण तो रोम आणि कॉन्स्टंटिनोपल यांच्यातला वाद आहे. तो भांडायला आधी विटेनबर्गहून, म्हणजे ल्यूथरच्या गावाहून, निघावं लागतं. मक्काबी त्यांच्याकडेही आहे, आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना तेही करतात.

मधलीसुट्टी

त्या बाराव्या अध्यायात आहे तरी काय नेमकं? इतक्या प्रतिसादांत कुणी सांगितलंच नाही.

उंबरठा

खरंच की. लढाई संपलीय. यहूदा मक्काबी आपल्या पडलेल्या सैनिकांना पुरायला जातो. प्रेतं उचलताना प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात, नियमशास्त्राने मना केलेले. सगळ्यांना कळतं ही माणसं का पडली. तो त्यांना शिव्या देत नाही, टाकूनही देत नाही. सगळे प्रार्थनेला बसतात, वर्गणी काढतात, सुमारे २,००० द्राख्मा चांदी, आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतात. लिहिणारा म्हणतो, मेलेले उठतील अशी आशा नसती तर त्यांच्यासाठी प्रार्थना व्यर्थ ठरली असती.

मेहुण्याने परवा ते पुस्तक माझ्याकडून नेलं. काल रात्री त्याचा मेसेज आला: "दाजी, वाचलं. पण ताईत म्हणजे मूर्तिपूजा, आणि मूर्तिपूजा तुमच्याच शिकवणीत प्राणघातक पाप, पश्चात्तापाशिवाय मेलं तर नरक. तशा माणसाला शुद्धिस्थान कसं?"

शेवटच्या क्षणी माणसाच्या मनात काय होतं ते यहूदाला माहीत नव्हतं, म्हणूनच त्याने प्रार्थना केली, असं मी उत्तर टाइप केलंय. अजून पाठवलं नाही. रविवारी फादरांना विचारतो, मग इथेही टाकतो.